सर, चालेल ना?

गेल्या महिन्यात पुतण्याच्या मुलीचे बारसे झाले, त्या निमित्ताने आम्ही बरेच जण एकत्र जमलो होतो. जेवणे उरकल्यावर सतरंजीवर गप्पा रंगल्या. आमचे एक भाचेजावई एका मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत. ते म्हणाले, "मामा, आमच्याकडे निम्म्या भानगडी कम्युनिकेशन गॅपमुळे होतात. तुमच्या काळी तर धड फोनसुद्धा नव्हते. मग एवढे मोठे पूल नि धरणं बांधून व्हायची तरी कशी?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. बाळाला झोप आली होती आणि माझे उत्तर लांबलचक होते. शिवाय त्या उत्तरात माझ्या स्वतःच्या एका चुकीची गोष्ट येते आणि ती काही बारशाच्या दिवशी सांगण्याजोगी नव्हे. ते सगळे आज सवडीने लिहितो आहे. भाचेजावई वाचतीलच.

सुरुवात अण्णांपासून करतो. घरच्यांना माहीतच आहे, पण इतरांसाठी सांगतो. माझे वडील मनमाड-काचीगुडा या मीटरगेज मार्गावर स्टेशनमास्तर होते. साठच्या दशकात मराठवाड्यातल्या एका लहानशा स्टेशनवर आमचे बरेचसे बालपण गेले. गावात एकही टेलिफोन नव्हता, पण अण्णांच्या टेबलाशी दोन तऱ्हांची बोलण्याची साधने होती. एक होता कंट्रोलचा फोन. विभागाच्या कचेरीत बसलेला कंट्रोलर त्यावरून सगळ्या स्टेशनांशी बोलत असे. सगळी स्टेशने एकाच तारेवर असल्यामुळे फोन कानाला लावला की कोणाची मालगाडी कुठे अडकली, कोणाच्या स्टेशनवर पाणी संपले, हे सगळे आपोआप ऐकू येई. आताच्या भाषेत सांगायचे तर तो एक ग्रुपच होता.

दुसरे साधन म्हणजे नीलचे बॉल टोकन यंत्र. ते फक्त शेजारच्या स्टेशनाशी जोडलेले असे. घंटेच्या ठरावीक ठोक्यांनी विचारायचे, पलीकडच्याने तशाच ठोक्यांनी उत्तर द्यायचे आणि त्याने संमती दिली तरच यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्यासकट ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हातात नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गोळा बाहेर असू शके, त्यामुळे समोरासमोर दोन गाड्या येण्याचा प्रश्नच नव्हता.

मला तेव्हा कंट्रोलच्या फोनचे फार आकर्षण होते. इतक्या लांबचा माणूस बोलतो, सगळ्यांना हुकूम सोडतो, म्हणजे तोच खरा मोठा साहेब असे वाटायचे. एकदा मी अण्णांना विचारले, की कंट्रोलने सांगितल्यावर पुन्हा त्या घंटा कशाला वाजवत बसता? ते म्हणाले, "कंट्रोल सांगतो कोणती गाडी आधी काढायची. रूळ मोकळा आहे की नाही, हे त्याला कुठून दिसणार? ते पुढच्या मास्तरलाच दिसतं." कंट्रोलर कितीही वरच्या हुद्द्याचा असला, तरी लाइन क्लिअर देण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो फक्त पुढच्या स्टेशनाच्या मास्तरला होता.

आणखी एक गंमत होती, तिला प्रायव्हेट नंबर म्हणत. यंत्र बिघडले किंवा फाटकावरच्या गेटमनशी फोनवरून बोलायचे असले, तर नुसते "होय, फाटक बंद केले" एवढे पुरत नसे. प्रत्येकाजवळ आकड्यांचा एक छापील तक्ता असे. त्यातला एक आकडा सांगायचा, तो तक्त्यात खोडायचा आणि ऐकणाऱ्याने तो आपल्या वहीत वेळेसकट उतरवून घ्यायचा. त्या आकड्याला स्वतःचा काहीच अर्थ नसे. अमुक माणसाने अमुक वाजता स्वतः होय म्हटले, एवढीच त्याची खूण. लहानपणी तो मला पोरखेळ वाटत असे.

पुढे मी सिव्हिल इंजिनियर झालो आणि एका बांधकाम कंपनीत लागलो. १९७९ साली रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीवर आमच्या पुलाचे काम चालू होते. खाडीतल्या खांबांचा पाया म्हणजे 'विहीर' असते. काँक्रीटची मोठी पोकळ नळी उभी करायची, आतला गाळ ग्रॅबने उपसत जायचे, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरते. उतरताना ती थोडीफार कलते. ऐंशीला एक इतका कल चालतो, म्हणजे ऐंशी फूट खोलीला एक फूट. मे महिन्यातल्या एका सकाळी आमच्या तिसऱ्या खांबाच्या विहिरीला ओळंबा लावला, तर कल साठाला एक निघाला. पावसाळा तोंडावर आलेला. उपसा चालू ठेवावा तर विहीर आणखी कलणार, थांबवावा तर पावसाळ्यापूर्वी ती ठरलेल्या खोलीवर जाणार नाही आणि कंपनीचे मोठे नुकसान होणार.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. मुख्य कचेरी मुंबईला होती. सायकल काढून अकरा किलोमीटरवरच्या पोस्टात गेलो आणि अर्जंट ट्रंक कॉल लावला. तीन तास बसलो. दोनदा घंटी वाजली. एकदा पलीकडून नुसती खरखर आणि एकदा कोण्या भलत्याच बाईंचा आवाज. लायटनिंग कॉल लावायला खिशात पैसे नव्हते. शेवटी पोस्टमास्तरांचा चहा पिऊन परत आलो आणि उपसा बंद केला. पाणबुड्या खाली उतरवला. त्याला एका अंगाला धारेखाली मोठा धोंडा सापडला. तो फोडून काढायला चार दिवस लागले. वर राहिलेल्या बाजूला रुळांचे तुकडे आणि वाळूची पोती रचून वजन टाकले आणि नंतर त्याच अंगाचा गाळ जपून उपसला. विहीर बऱ्यापैकी सरळ झाली. मधल्या काळात साहेबांना सविस्तर पत्र पाठवले होते, त्याचे उत्तर नवव्या दिवशी आले. दोनच ओळी होत्या. जे केले ते योग्य केले आणि यापुढे ओळंबा रोज दोन वेळा बघावा.

यात मी फार मोठा शहाणा होतो असे सांगायचे नाही. धोंडा निघाला नसता तर त्याच साहेबांनी दोन ओळींत मला घरी पाठवले असते, ही भीती त्या नऊ दिवसांत मला रोज वाटत होती. पण फोन लागत नाही म्हटल्यावर निर्णय माझाच आहे, याबद्दल माझ्या, मुकादमाच्या आणि साहेबांच्याही मनात शंका नव्हती. पूल कसे बांधून व्हायचे, या प्रश्नाचे माझे अर्धे उत्तर हेच आहे.

साधारण दहा वर्षांनी आमच्या साइटवर एसटीडी आली, पाठोपाठ फॅक्स आला. त्या काळात देशभर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ उगवत होते. सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ साली निघाली, तिने आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत तग धरतील अशी लहान एक्स्चेंजे तयार केली आणि खेड्यापाड्यांतून फोन वाजू लागले. त्याचा मला आनंदच झाला. माझी आई आजारी पडली ते मला त्याच दिवशी कळले. पूर्वी तार आली असती, आणि तार आली म्हटले की घरात आधी रडारड व्हायची, मग ती वाचली जायची.

पण कामावर मात्र एक चमत्कारिक बदल होऊ लागला. साहेब तेच होते, स्वभाव तोच होता, आम्हीही तेच होतो. आता मात्र ते रोज संध्याकाळी फोन करून दिवसभरात काय झाले ते विचारू लागले. त्यात गैर काहीच नव्हते. विचारता येत असल्यावर कोण विचारणार नाही? हळूहळू आम्ही इंजिनियर लोक काही करण्याआधी फोन करू लागलो. त्यातही गैर नव्हते. विचारता येत असून विचारले नाही आणि काही बिघडले, तर "फोन काय शोभेला ठेवलाय?" हे ऐकावे लागणार होते. पाच-सहा वर्षांत साइटवर "विचारून सांगतो" हे परवलीचे वाक्य झाले. साहेब बिचारे मुंबईत बसून त्यांनी न पाहिलेल्या दहा खाड्यांचे निर्णय घेत होते आणि रात्री अकरा वाजता घरी जात होते. कंपनीने अधिकारांचा एकही कागद बदलला नव्हता. अधिकार मात्र तारेवरून चढून मुंबईला गेले होते.

हे आमच्याच कंपनीत झाले असेही नाही. मेरठच्या उठावाची ठिणगी १० मे १८५७ रोजी पडली, ती बातमी लंडनला पोचायला जूनची अखेर उजाडली. त्या काळी इथल्या गव्हर्नर जनरलला लंडनहून उत्तर येईपर्यंत थांबून चालणेच शक्य नव्हते. १८७० साली मुंबईपासून एडन, सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत समुद्राखालून तारेची केबल जोडली गेली आणि महिन्यांचे काम तासांवर आले. त्यानंतरचा व्हाइसरॉय लंडनच्या मंत्र्याचा जास्त आज्ञाधारक झाला तो काही स्वभावाने नव्हे. साम्राज्यांची उदाहरणे देऊन आमच्या साहेबांना उगाच मोठे करतो आहे, पण गणित तेच.

इथपर्यंत निदान एवढे तरी होते, की निर्णय साइटवरून उठून मुंबईला गेला तरी तिथे त्याला एक मालक होता. साहेब चुकले तर साहेब चुकले असे म्हणता येत होते. पुढे जे आले त्यात तेही राहिले नाही.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, तेव्हा बोलण्याचे दर सामान्य माणसाला परवडणारे नव्हते आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झाले आणि मिस्ड कॉल देणाऱ्या सुतार-गवंड्यांपर्यंत फोन पोचला. मी २०११ साली निवृत्त झालो, पण घरी करमेना म्हणून लहानसहान बांधकामांवर सल्लागार म्हणून जाऊ लागलो. तोवर सगळे व्हॉट्सॲपवर आले होते. प्रत्येक साइटचा एक ग्रुप असे. बिल्डर, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनियर, ठेकेदार, सुपरवायझर, सळईवाला, काँक्रीट पुरवणारा, असे चाळीस-पन्नास लोक त्यात. मला ते फार आवडले होते. ओळंब्याचा फोटो घरबसल्या बघायला मिळतो, आणखी काय पाहिजे?

आता ती गोष्ट सांगतो. २०१७ सालची, पुण्याजवळच्या एका इमारतीची. नावे घेत नाही. तळमजल्यावरच्या स्लॅबचे सेंट्रिंग लागले होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी तिथल्या सुपरवायझरने ग्रुपवर एक फोटो टाकला. पंचविशीचा, डिप्लोमा झालेला, कष्टाळू मुलगा. फोटोत एका कोपऱ्यातले प्रॉप दिसत होते. त्यांच्याखाली जाड फळी न टाकता विटांचे तुकडे सरकवलेले होते आणि त्याखाली भरावाचा ओला मुरूम होता. फोटोखाली त्याने लिहिले होते, "सर, चालेल ना?"

मी त्या वेळी एका लग्नात होतो. अक्षता अजून पडायच्या होत्या. फोन थरथरला म्हणून काढून पाहिला. फोटो लहान दिसत होता, तो मोठा करून पाहिला नाही असे मी म्हणू शकलो असतो, पण खरे सांगायचे तर मोठा करून पाहिला. विटा मला दिसल्या. मनात आले, हे बरोबर नाही, स्ट्रक्चरलवाले सांगतीलच. तेवढ्यात कोणीतरी आत बोलावले आणि मी फोन खिशात घातला. दुपारी पुन्हा ग्रुप उघडला, तर त्या फोटोखाली कोणाचे तरी दोन अंगठे, सिमेंटच्या गाडीची चौकशी, आणि कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. म्हणजे प्रश्न मिटला असे मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट टाकताना तो कोपरा खाली बसला. सेंट्रिंगखाली एक सुतार वाकून पाचर ठोकत होता. त्याचा जीव वाचला, पण डाव्या पायाची तीन बोटे काढावी लागली.

व्हॉट्सॲपवर आपण स्वतः पाठवलेल्या मेसेजची माहिती उघडली की तो कोणी किती वाजता वाचला याची यादी दिसते. सुपरवायझरने ती यादी सगळ्यांना दाखवली. एकेचाळीस नावे होती. माझ्या नावापुढे ९ वाजून ५२ मिनिटे. तो पोरगा पुनःपुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "मी विचारलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं." ते शब्दशः खरे होते. कम्युनिकेशन गॅप कुठेच नव्हती. निरोप पोचला होता, वाचला गेला होता, समजलाही होता. निदान मला तरी समजला होता. मग मी विचार करू लागलो, की त्याच्या वाक्यातले ते 'सर' कोण? बिल्डरला वाटले आर्किटेक्ट, आर्किटेक्टला वाटले स्ट्रक्चरलवाले, मला वाटले माझ्याखेरीज कोणीही. त्याने एकालाच फोन केला असता, तर त्या एकाला हो किंवा नाही म्हणावेच लागले असते. आणि ग्रुप नसता, १९७९ सालासारखा फोनच लागला नसता, तर मला वाटते त्याने स्वतःच ते प्रॉप काढून फळ्या टाकल्या असत्या. विचारावेसे वाटले, याचा अर्थच त्याला शंका आली होती.

त्या रात्री मला अण्णांचा तो आकड्यांचा तक्ता आठवला. पन्नास वर्षांनी तो पोरखेळ का होता ते कळले. कंट्रोलच्या तारेवर सगळी स्टेशने ऐकत असायची, पण 'सगळ्यांनी ऐकले' याला रेल्वेच्या लेखी काही किंमत नव्हती. एकाने विचारायचे, नेमके दुसऱ्या एकाने आपल्या आकड्यासह उत्तर द्यायचे आणि ते दोघांच्या वहीत उतरायचे. हाताशी वेगवान साधन असतानाही कोणत्या कामासाठी ते वापरायचे नाही, हे त्या जुन्या लोकांनी आधीच ठरवून ठेवले होते. आपण व्हॉट्सॲप आणले तेव्हा असे काही ठरवल्याचे मला आठवत नाही. ते आले, फुकट होते, सगळे त्यावर गेले, आणि आपल्या कचेऱ्या, साइटी, शाळा त्याच्या साच्यात बसत गेल्या.

आमच्या गृहनिर्माण सोसायटीत हेच चालते. पूर्वी वार्षिक सभेत वीस-पंचवीस लोक यायचे, भांडायचे, मग ठराव व्हायचा आणि सूचक, अनुमोदक यांच्या नावांसकट इतिवृत्तात जायचा. आता पाण्याच्या टाकीवर वर्षभर ग्रुपवर हजारो मेसेज पडतात, सभेला दहा जण येतात आणि टाकी गळतेच आहे. पण हे झाले हसण्यावारी नेण्याचे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच माणसांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून आलेले लोक होते ते. त्याआधी त्या भागात मुले पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. असा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटते, की आपण फक्त पुढे ढकलला, खरे-खोटे पाहणारा कोणी दुसरा असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. ते बरेच झाले. पण माझा तो ९ वाजून ५२ मिनिटांचा मेसेज कोणी पुढे पाठवलेला नव्हता. तो थेट माझ्यासाठीच होता, आणखी चाळीस जणांबरोबर.

यावर भाचेजावई म्हणतील, की मामा, हा साधनाचा दोष नाही, माणसाचा आहे. माझा दोष मी नाकारतच नाही, म्हणून तर हे लिहितो आहे. पण तोच मी, १९७९ साली पोस्टातून रिकाम्या हाताने परत आलो तेव्हा असा वागलो नव्हतो. वयाने आणि अनुभवाने वाढलो होतो, तरी लग्नमंडपात फोन खिशात घालताना मला काहीच वाटले नाही. तेव्हा तुमच्या कंपनीत गॅप शोधायला निघाल, तर सोबत हेही बघा, की एखादा निरोप किती जणांना जातो आणि त्यातल्या कोणाच्या नावाने जातो.

त्या साइटवर पुढे चौकशी झाली. त्यानंतर स्लॅब टाकण्यापूर्वी एकाच इंजिनियरने सही करायचे कार्ड सुरू झाले. चांगली पद्धत आहे, मोठ्या कामांवर ती पूर्वीपासून होतीच. काही महिन्यांनी त्या कार्डाचाही फोटो ग्रुपवर पडू लागला आणि खाली अंगठे येऊ लागले, तेव्हा मी ते काम सोडले. सुताराला भेटायला दवाखान्यात दोनदा गेलो होतो. त्याला तो फोटो, तो ग्रुप यातले काही ठाऊक नव्हते आणि मीही सांगितले नाही. सांगायला हवे होते.

एकेचाळीस नावांपैकी नोकरी गेली ती एकट्या सुपरवायझरची. मी ठेकेदाराला रजिस्टर पत्र लिहिले, की प्रश्न विचारणारा तो एकटाच होता आणि उत्तर न देणाऱ्यांत मी होतो. त्या पत्राचे उत्तर आले नाही. तो मुलगा आता नाशिककडे कुठेतरी कामाला आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो, मेसेज नाही, फोन. गेल्या वर्षी बोलता बोलता म्हणाला, "सर, परवा एक स्लॅब थांबवला." मी विचारले, कोणाला विचारलेस? तो म्हणाला, "कोणालाच नाही. नंतर कळवलं."